सगळ्यांत जुनी फिल्म

इस्पितळाचा जिना उतरून डावीकडे वळलं की एक लांबोडकी खोली लागायची. बाहेर उघडणारी खिडकी नाही, बोळाकडे पाकिटं द्यायची तेवढी एक लहानशी, पंखा एकच आणि तोही नावापुरता फिरणारा. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी रॅक, रॅकमध्ये उभी लावलेली हजारो पिवळी पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटात कुणाची ना कुणाची छाती, मान नाहीतर गुडघा. एक्स-रे आणि स्कॅनच्या जुन्या फिल्म्स ठेवायची ही खोली, आणि तिचे धनी म्हणजे पाकीटराव. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, हजेरीपटावर ते लिहिलेलंही होतं. पण एकतीस वर्षांत त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही.

पाकिटं काढायची आणि पाकिटं ठेवायची, यात काय मोठंसं, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "डॉक्टर आज काय आहे ते बघतात," ते म्हणत, "काल काय होतं ते माझ्याकडे असतं." हे सांगताना ते छाती अशी काही पुढे काढत की समोरच्याला हसू दाबावं लागे. पण बोलत होते ते खोटं नव्हतं.

फुप्फुसातल्या ठिपक्याचंच घ्या. खोकला हटत नाही म्हणून एखादा छातीचा फोटो काढतो आणि त्यात वाटाण्याएवढा पांढरा ठिपका निघतो. तो कसला? लहानपणी येऊन गेलेल्या एखाद्या आजाराचा वण असेल, कुणाच्या अध्यात ना मध्यात, मरेपर्यंत तिथेच पडून राहणारा. नाहीतर कॅन्सरची सुरुवात असेल. गोल असला, कडा गुळगुळीत असल्या, आत चुना साठून खडूसारखा पांढराफेक झाला असला, तर डॉक्टर जरा सैल होऊन बसतात. कडेला दोरे सुटल्यासारखे दिसले तर त्यांच्या कपाळाला आठी पडते. पण पुष्कळसे ठिपके ना धड असे, ना धड तसे. तिथे खात्रीचा साक्षीदार एकच, त्याच माणसाची जुनी फिल्म. तेव्हा ठिपका होता का? होता तर केवढा होता? वर्षानुवर्षं तेवढाच असला तर बहुधा काळजी नाही. वाढलेला असला तर पुढे सुईने तुकडा काढून तपासणं, शस्त्रक्रिया आणि सगळंच.

म्हणून वरून निरोप आला की पाकीटराव खोलीत शिरत आणि पाकीट हाती लागेपर्यंत जेवायलासुद्धा बाहेर येत नसत. एकदा एका मुख्याध्यापिकेची छाती फाडायची तारीख ठरली होती. पाकीटराव दोन दिवस खालच्या तळघरात गुडघ्यांवर बसून धूळ खात होते. तिसऱ्या दिवशी त्यांना तिची नऊ वर्षांपूर्वीची फिल्म सापडली. ठिपका तिथेच होता, तेवढाच होता. बाई घरी गेल्या. जाताना त्या खोलीच्या दारात आल्या, पाकीटरावांचा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, आणि शाळेत पन्नास वर्गांना गप्प बसवणाऱ्या त्या बाईंना एक शब्द बोलता येईना. ही गोष्ट पाकीटरावांनी घरी किमान चाळीस वेळा सांगितली. बायको दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायची.

त्यांना हे सगळं शिकवलं ते मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे फिल्म वाचणाऱ्या डॉक्टर, बुटक्या, जाड चष्म्याच्या, आणि रागावल्या की आवाज चढवण्याऐवजी उतरवणाऱ्या. पाकीटराव नवे होते तेव्हा एकदा त्यांनी बाईंना गेल्या वर्षीची फिल्म नेऊन दिली.

"पाकीटराव," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ही नको. सगळ्यांत जुनी आणा."

"पण बाई, हीच तर शेवटची आहे."

"म्हणूनच नको. वर्षाला एखादा मिलिमीटर वाढत असला तर शेजारशेजारच्या दोन फिल्म्समध्ये तो दिसणार नाही. मोजणाऱ्याचा हात हलला तरी तेवढा फरक पडतो. पहिली आणि आजची एकमेकींशेजारी लावा. मग त्याला लपायला जागा उरत नाही."

पाकीटरावांना हे एवढं पटलं की घरी जाऊन त्यांनी ते बायकोला समजावून सांगायला घेतलं. ती मशीनवर बसली होती. तिने तोंडातली टाचणी काढली आणि हसली. "त्यात काय नवीन सांगताय? पोरगं वाढलेलं आईला दिसतं का कधी? दोन वर्षांनी मावशी येते, ती दारातूनच ओरडते, अरे केवढा झालास!"

ती शाळेचे गणवेश शिवायची. आळीतली सगळी मुलं तिला मापमावशी म्हणायची, आणि मुलांची ऐकून त्यांच्या आयाही. स्वतःचं मूल नव्हतं, पण तीनशे मुलांची मापं तिच्या वहीत होती. मूल आलं की ती आधी त्याच्या पानावरचं सगळ्यांत वरचं माप बघायची, मग टेप लावायची. म्हणायची, "कितीने वाढलं ते कळल्याशिवाय पुढे किती कापड सोडायचं ते कसं कळणार?" मोठ्या बाईंनी इस्पितळात जे सांगितलं ते ही बाई घरात बसून रोज करत होती. पाकीटराव त्या दिवशी थोडे हिरमुसले, आणि मग त्यांना तिचा अभिमानच वाटला.

बाईंनी नंतर एका पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून दिलं, "सगळ्यांत जुनी आधी." तो पुठ्ठा पाकीटरावांनी आपल्या टेबलासमोर भिंतीवर ठोकला. तेव्हापासून तो रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

मग एका वर्षी मापमावशीला खोकला आला. कापडाच्या धुळीचा असेल म्हणून महिनाभर दोघांनी अंगावर काढला. शेवटी पाकीटराव तिला ओढूनच घेऊन गेले. स्कॅन झाला. मोठ्या बाईंनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, बराच वेळ बघितली, आणि सवयीने म्हणाल्या, "पाकीटराव, जुनी?"

"नाही बाई. हिने कधी काढलीच नाही. कधी आजारीच पडली नाही."

हजार लोकांसाठी जुन्या फिल्म्स हुडकल्या, आणि आपल्याच बायकोची एक नाही.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग हीच पहिली धरू. सात मिलिमीटर आहे, उजव्या बाजूला, वर. घाबरू नका. पण हे बघा, हा घट्ट ठिपका नाही, धुरकट आहे. काचेवर श्वास सोडल्यावर उमटतं ना, तसा. घट्ट ठिपका दोन वर्षं जागचा हलला नाही तर त्याचा नाद सोडता येतो. धुरकट ठिपका आळशी असतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो. कित्येक तर आपोआप विरून जातात. याला आपण पाच वर्षं बघायचं, दर वर्षी एक स्कॅन. आणि प्रत्येक वेळी ही फिल्म शेजारी लावायची. तुम्हाला काय सांगायचं म्हणा!"

खोकला पंधरा दिवसांत गेला. ठिपका राहिला. पुढच्या वर्षी दुसरा स्कॅन झाला. बाईंनी दोन्ही फिल्म्स लावल्या, मोजलं, परत मोजलं. "तेवढाच वाटतोय," त्या म्हणाल्या. पाकीटरावांना तो 'वाटतोय' आवडला नाही. 'आहे' का म्हणाल्या नाहीत, हे त्यांच्या डोक्यात दोन दिवस घोळत राहिलं.

त्याच वर्षी मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि इस्पितळात कंप्यूटर आला. वरून हुकूम आला की जुन्या फिल्म्स आता हळूहळू भंगारात काढायच्या. पाकीटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. बायकोचं पहिलं पाकीट, बाईंच्या हातचा अहवाल आत ठेवून, त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि घरी नेलं. घरात तिच्या कपाटावर कपडे बेतायच्या कागदी नमुन्यांची चळत होती, तिच्यावर ते आडवं ठेवलं. "इथे कुणाच्या बापाची टाप नाही याला हात लावायची," ते म्हणाले. बायको खालून बघत होती. "आणि काढायचं कसं?" तिने विचारलं. "स्टूल आहे की," ते म्हणाले.

तिसऱ्या वर्षीच्या स्कॅनचा दिवस आला. सकाळी पाकीटरावांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून कपाटापाशी लावलं. एक पाय वर ठेवला. आणि तिथेच थांबले. बाईंचा तो 'वाटतोय' पुन्हा कानाशी आला. बाहेरून बायकोने हाक मारली, "अहो, येताय ना? उशीर होतोय." त्यांनी पाय खाली घेतला. नव्या डॉक्टरसाहेबांनी मागितली तर दुपारी येऊन नेता येईल, दहा मिनिटांचा तर रस्ता. स्टूल त्यांनी उचलून जागेवर ठेवलं.

नवीन डॉक्टर तरुण होता, कामसू होता, आणि त्याच्यापुढे रोज शंभर जणांची रांग असायची. त्याला दोष देऊन चालणार नाही. पाकीटरावांनीही कधी दिला नाही. तिसरी फिल्म तयार झाल्यावर ती त्याच्याकडे जायच्या आधी पाकीटरावांनी आपल्या खोलीतल्या पेटीवर लावून बघितली, शेजारी दुसरी. ते काही डॉक्टर नव्हते. पण इतकी वर्षं ज्यांनी हेच बघितलं त्यांच्या डोळ्यांना काही कळत नाही, असं कुणी सांगू नये. धुक्याच्या मधोमध एक कण किंचित दाट दिसत होता. होता की नव्हता? त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. मग पेटीचा दिवाच घालवला.

वर गेल्यावर डॉक्टरने विचारलं, "काका, जुनी आहे का यांची?"

पाकीटरावांनी दुसऱ्या वर्षीची पुढे केली.

"याच्याआधीची काही?"

डॉक्टरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. खाली रॅकवर हजारो पाकिटं होती आणि दहा मिनिटांच्या रस्त्यावर, कपाटावर, एक होतं.

"एवढीच आहे, साहेब," पाकीटराव म्हणाले.

डॉक्टरने मोजलं. "एखादा मिलिमीटर इकडेतिकडे आहे, ते मोजण्यातलं. फरक नाही."

फरक नाही! पाकीटरावांचा जीव भांड्यात पडला. बाहेर बाकावर बायको बसली होती. तिला त्यांनी हाताला धरून उठवलं, कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन आइस्क्रीम खिलवलं, आणि इतकी बडबड केली की दुकानदारानेही हसून घेतलं. ती शांतपणे खात होती. मधेच तिने त्यांच्या ओठाला लागलेलं रुमालाने टिपलं.

त्यानंतर तेच सोपं झालं. चौथ्या वर्षी डॉक्टरने विचारलंसुद्धा नाही. तिसरा स्कॅन कंप्यूटरवर होताच. फरक नाही. पाचव्या वर्षी चौथा शेजारी लावला. लक्षणीय फरक नाही. दर वर्षी आइस्क्रीम. पुठ्ठा भिंतीवर होताच, आणि बाकी सगळ्यांसाठी पाकीटराव अजूनही तळघरात उतरत होते, गुडघे दुखत असताना, लोकांनी 'राहू द्या हो काका' म्हटल्यावरही. आपल्या घरच्या पाकिटाकडे मात्र त्यांनी सरळ कानाडोळा केला होता. इतका की कपाटापुढून जाताना ते मान खाली घालून जात, आणि आपण मान खाली घालतो हेही त्यांना कळत नसे. त्यांचा राग येतो का? मलाही येतो. पण माणूस घाबरला की कसा शहाण्यासारखा वागत असतो आणि आतून कसा वेडा झालेला असतो, ते ज्याने आपल्या माणसाची फिल्म कधी हातात धरली नाही त्याने बोलू नये.

पाचव्या स्कॅननंतर सातएक महिन्यांनी मोठ्या बाई घरी आल्या. निवृत्तीनंतर वजन वाढलं होतं, कोट सैल करून हवा होता. मापमावशीने त्यांचं माप घेतलं, चहा टाकला. बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुमच्या अंगावरचं पोलकं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझंच की."

"शिवण आत घेतलीय तुम्ही. दोन्ही बाजूंनी."

"दोनदा घेतली," मापमावशी म्हणाली. जेवणात मीठ जास्त झालं म्हणावं, एवढ्या साधेपणाने म्हणाली.

पाकीटराव दारात उभे होते. बाई त्यांच्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज उतरला. "पाकीटराव, गेल्या तीन वर्षांत पहिली फिल्म शेजारी लावली होती ना?"

पाकीटरावांची नजर कपाटाच्या माथ्यावर गेली.

मापमावशीच उठली, स्वयंपाकघरातून स्टूल घेऊन आली आणि त्यावर चढायला निघाली. तेव्हा पाकीटराव धावले, तिला बाजूला केलं, स्वतः चढले. पाकीट खाली आलं. त्यावरच्या वर्तमानपत्राचा रंग पिवळा पडला होता आणि बोटांना चिकटेल एवढी धूळ होती. पाचव्या वर्षीच्या छापून दिलेल्या फिल्म्स कपाटातच होत्या.

घरात दिव्याची पेटी कुठली? स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारचं ऊन होतं. बाईंनी पहिली फिल्म काचेवर धरली, पाकीटरावांनी पाचवी. एकेका फिल्मवर वीस-वीस चौकोन असतात; बाईंनी दोन्हींतला नेमका चौकोन बोटाने दाखवला. मग मापमावशीने एक गोष्ट केली. तिने कागदाची एक पट्टी फाडली, पेन्सिल घेतली. फिल्मच्या कडेला बारीक मोजपट्टी छापलेली असते, तिच्यावरून तिने पट्टीवर खुणा केल्या, बाहीचं माप नमुन्यावर उतरवतात तशा. ती पट्टी आधी एका ठिपक्यावर धरली. मग दुसऱ्यावर. तिचा हात जराही हलत नव्हता.

"सात," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बारा. सव्वाबारा धरा."

मोजायची तरी काय गरज होती? पहिलीत काचेवरचा श्वास होता. पाचवीत मधोमध घट्ट गोळा होता आणि त्याच्या कडेने बारीक दोरे चौफेर सुटले होते. एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. पाकीटराव आपल्या हातातली फिल्म काचेवरून खाली घ्यायला लागले. मापमावशीने त्यांचं मनगट धरून ती तिथेच ठेवली.

पुढचं भराभर झालं. नवा स्कॅन, सुई, अहवाल. कॅन्सर होता, आणि फुप्फुसाबाहेर गेला होता. छातीत पाणी धरलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता कापून उपयोग नाही. पाकीटरावांनी विचारलं, "तिसऱ्या वर्षी कळलं असतं तर?" डॉक्टर भला माणूस होता. त्याने कागद सारखे केले आणि म्हणाला, "तेव्हाचं आता काय सांगणार?" पण पाकीटरावांना उत्तर ठाऊक होतं. तेव्हा ते एवढंसं होतं. तेवढा तुकडा काढून टाकला असता आणि ती आज मशीनवर बसलेली असती.

औषधं चालू झाली. कधी दोन महिने बरे जात, कधी दोन दिवस. मापमावशीने हातातले गणवेश पुरे केले, नवीन घेणं थांबवलं. वही तिने पलीकडच्या गल्लीतल्या एका शिंपिणीला देऊन टाकली, सांगितलं, "पहिलं माप खोडू नकोस कुणाचं." पलंग मशीनच्या खोलीत खिडकीपाशी आणला. पाकीटराव रजा घेऊन घरी बसले. तिचं डोकं विंचरायचं, पाणी पाजायचं, उशी वर करायची. काम करत राहिले की बरं, रिकामे बसले की ती फिल्म डोळ्यांपुढे यायची.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, बसा इथे. किती येरझारा घालाल?"

ते बसले. तिची बोटं सुईने टोचून टोचून टणक झालेली होती, तेवढीच अजून तिची पहिल्यासारखी राहिली होती.

"मी एक बोलायचं ठेवलंय," पाकीटराव म्हणाले. "तिसऱ्या वर्षी साहेबांनी विचारलं होतं. आधीची आहे का म्हणून. मी नाही म्हणालो. विसरलो नव्हतो गं मी. मुद्दाम नाही म्हणालो. मला दिसलं होतं काहीतरी, आणि मला ते बघायचं नव्हतं."

इतकी वर्षं जे छातीवर होतं ते बोलून झालं, आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. ती त्यांचं रडून होईपर्यंत थांबली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दार उघडं होतं ना. मी बाकावरून उठून दारापाशी आले होते. 'एवढीच आहे, साहेब.' ऐकलं मी."

"मग तू बोलली का नाहीस? तिथल्या तिथे माझं तोंड का नाही फोडलंस?"

तिला दम लागत होता. ती थोडं थोडं बोलली. "मला इतकं बरं वाटलं हो. तुम्ही तसं म्हणालात आणि मला वाटलं, सुटलो. या वर्षी तरी सुटलो. घरी आल्यावर रोज ते पाकीट दिसायचं मला. फडकं घेऊन सगळ्या घराची धूळ पुसायचे, तेवढी पुसली नाही. पुसायला चढले असते तर काढायला लागलं असतं." तिने पाण्याचा घोट घेतला. "शिवण आत घेतली तेव्हाही कळलं होतं. पहिल्या मापाशी ताडून बघितलं नाही. तीनशे पोरांचं बघितलं, माझं नाही बघितलं. एकट्याने नका घेऊ अंगावर. निम्मं माझं आहे."

हे ती त्यांना हलकं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच तसं होतं, हे पाकीटरावांना पुढे कधी ठरवता आलं नाही. हलकं तर मुळीच वाटलं नाही. उलट एवढी वर्षं एकाच घरात, एकाच कपाटाखालून, दोन माणसं एकमेकांपासून तीच भीती लपवून हिंडत होती, आणि दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी ते पाकीट वेळेवर खाली आलं असतं, हे त्यांना आता नव्याने कळलं. त्या निम्म्याने त्यांचं ओझं दुप्पट झालं.

ती त्यानंतर एकोणीस दिवस होती. गेली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, बाहेर मुलं गणवेश घालून शाळेला चालली होती.

दोन आठवड्यांनी पाकीटराव कामावर गेले. जाताना ते पाकीट काखेत होतं. धूळ त्यांनी पुसली. रॅकवर तिच्या नंबराची जागा तीन-चार वर्षं रिकामी होती, शेजारची पाकिटं तिच्यावर कलली होती. ती सरळ करून त्यांनी ते तिथे उभं लावलं.

अकराच्या सुमाराला एक माणूस खिडकीशी आला. चाळिशीचा असेल. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात बायकांची पर्स. पर्सची मालकीण मागे बाकावर बसली होती आणि पायातल्या चपलेकडे बघत होती.

"काका, हिच्या छातीत ठिपका निघालाय," तो माणूस म्हणाला. "डॉक्टरांना गेल्या वर्षीची फिल्म हवीय."

पाकीटरावांनी नंबर बघितला. "आधीच्याही असतील यांच्या. तळघरात."

"नको, नको. गेल्या वर्षीची पुरे म्हणालेत. तेवढीच द्या. उगाच कशाला जुनं उकरायचं?"

त्याचा आवाज पाकीटरावांनी ओळखला. एका अर्धवट उघड्या दाराआड त्यांनी तो स्वतःच्या तोंडून ऐकलेला होता.

"थांबा इथे," ते म्हणाले.

"अहो काका, पण मी म्हणतोय ना..."

"थांबा म्हटलं ना!"

एकतीस वर्षांत त्या खिडकीतून कुणी असा आवाज ऐकला नव्हता. माणूस चपापून एक पाऊल मागे सरला. पाकीटराव दोन जिने उतरून तळघरात गेले, टॉर्च तोंडात धरली, गुडघ्यांवर बसले. पाऊण तास लागला. पाकीट अकरा वर्षांपूर्वीचं निघालं. ते घेऊन ते तसेच धुळीच्या कपड्यांनी वर तिसऱ्या मजल्यावर गेले, तरुण डॉक्टरच्या टेबलापाशी उभे राहिले, आणि त्याने ती फिल्म पेटीवर लावेपर्यंत हलले नाहीत.

ठिपका तिथे होता. गोल, गुळगुळीत, पांढराफेक. अकरा वर्षांपूर्वी जेवढा होता, आजही तेवढाच.

"काही नाही हे," डॉक्टर म्हणाला. "जुना वण आहे. घरी जाऊ द्या त्यांना."

ती दोघं बाहेरच्या बोळातून गेली. बाई हसत होती आणि रडत होती, आणि तो माणूस तिची पर्स तिच्या हातात द्यायचं विसरून तशीच काखेत मारून चालला होता. दारातून वळून त्याने पाकीटरावांना हात जोडले. पाकीटरावांनी मान हलवली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

आत पंखा फिरत होता. समोर पुठ्ठा होता. पाकीटराव खुर्चीत बसले, गुडघ्यांवरची धूळ झटकायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. कुठल्या कोण परक्या बाईसाठी ते आज दोन जिने उतरले होते आणि सहा जिने चढले होते. घरी नुसतं एक स्टूल चढायचं होतं.